लायझन ऑफिसर ते पब्लिक पॉलिसी हेड : सरकारदरबारी काम करणाऱ्यांचा पगार कसा ठरत गेला

गव्हर्नमेंट रिलेशन्समध्ये, म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारदरबारी काम करण्यात, पगार किती मिळतो, हे पॉलिसीचा कोर्स करणारी पोरं सारखी विचारतात आणि सरळ उत्तर कधीच मिळत नाही, कारण त्याच कामाला एका कंपनीत कॉर्पोरेट अफेअर्स म्हणतात, दुसरीत रेग्युलेटरी, तिसरीत पब्लिक पॉलिसी, आणि चाकणच्या नाहीतर बुटीबोरीच्या कारखान्यात तेच काम करणारा माणूस अ‍ॅडमिन आणि लायझनिंग अशा जोडपदावर लागलेला असतो. एकाचं पॅकेज कोटीत, दुसऱ्याचा पगार महिना काही हजार. एवढी दरी का पडली हे समजायचं तर मागे जावं लागतं. माझ्या मते एक धागा पकडला की बरंच उलगडतं: त्या त्या काळात सरकारी निर्णय नेमका कुणाच्या टेबलावर होत होता आणि त्या टेबलापर्यंत पोचायला ओळख लागत होती की अभ्यास. पगार कायम त्याच्या मागेमागे गेलाय.

कायद्याने ह्यातली रेघ फार लवकर आखली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १६३ होतं, सरकारी नोकरावर आपलं वैयक्तिक वजन वापरण्यासाठी पैसे घेणं हा गुन्हा. पण त्याच कलमाखाली उदाहरण दिलेलं, की न्यायाधीशासमोर बाजू मांडायची फी घेणारा वकील किंवा सरकारला पाठवायचा अर्ज नीट मांडून, दुरुस्त करून देण्याचे पैसे घेणारा माणूस ह्या गुन्ह्यात येत नाही. म्हणजे मांडणीचे पैसे चालतात, वशिल्याचे नाही. १८७२ च्या करार कायद्यातही कलम २३ च्या उदाहरणांत हेच आहे, सरकारी नोकरी मिळवून देतो, १००० रुपये दे, असा करार केला तर तो मुळातच रद्द. आज ह्या क्षेत्रात चांगल्या फर्म ‘काम झालं तर इतके टक्के’ असं न करता दरमहा ठराविक रिटेनर घेतात त्याची मुळं इथपर्यंत जातात, आणि २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम ७अ आलं त्यात वैयक्तिक वजन वापरून लाभ घेण्याला ३ ते ७ वर्षांची शिक्षा आहे.

आपल्याकडचं सगळ्यात ठसठशीत जुनं उदाहरण साताऱ्याचं. प्रतापसिंह छत्रपतींना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून काढलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ १४ वर्षं तिथेच राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सदस्य, छापील पत्रकं, आज पॉलिसी टीम जे करते ते सगळं त्यांनी केलं. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, पैशाचा ओघ आटला, माणूस कर्जात बुडाला तरी काम सोडलं नाही. ज्याचं काम करतो त्याचीच सत्ता गेलेली असेल तर मेहनताना कुठून येणार, हे त्यांनी अक्षरशः भोगलं.

आता स्वातंत्र्यानंतरचं. १९५१ चा उद्योग विकास आणि नियमन कायदा आला आणि कारखाना काढायचा, वाढवायचा किंवा त्यात नवीन वस्तू बनवायची तर दिल्लीचं लायसन्स लागायला लागलं. मशीन बाहेरून आणायचं तर आयात परवाना वेगळा, शेअर काढायचे तर कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजची परवानगी वेगळी. १९६९ ला मक्तेदारीला आळा घालणारा एमआरटीपी कायदा आला, २० कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या घराण्यांना आणखी एक दरवाजा वाढला, मग १९७३ चा परकीय चलनावरचा ‘फेरा’ कायदा. कारखाना ठाण्यात, हेड ऑफिस फोर्टात आणि निर्णय उद्योग भवनात, अशी परिस्थिती झाल्यावर प्रत्येक मोठ्या कंपनीने दिल्लीत एक माणूस बसवला. पाटीवर रेसिडेंट मॅनेजर नाहीतर लायझन ऑफिसर. त्याचं काम म्हणजे फाइल कुठल्या टेबलावर आहे, कुणी काय शेरा मारलाय, कुठला कागद कमी पडतोय, मीटिंग कधी लागणार आणि प्रतिस्पर्ध्याने काय अर्ज टाकलाय हे मुंबईला कळवत राहणं. ट्रंक कॉल लागायला तास न् तास जायचे त्या काळात ही माहिती एक दिवस आधी मिळणं म्हणजे लाखोंचा फरक.

सरकारला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. भ्रष्टाचार रोखण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीच्या १९६४ च्या अहवालात अशा मध्यस्थांचा ‘कॉन्टॅक्टमन’ म्हणून उल्लेख आहे, निवृत्त अधिकाऱ्यांनी लगेच खाजगी कंपनीत जाऊ नये हा मुद्दाही आहे. १९६७ ला औद्योगिक लायसन्सवरचा हजारी अहवाल आला, त्यात बिर्ला समूहाने भाराभर अर्ज टाकून क्षमता आधीच अडवून ठेवली असा निष्कर्ष होता. लायसन्स धोरणाची चौकशी करणाऱ्या १९६९ च्या दत्त समितीने तर मोठी घराणी दिल्लीत लायझन ऑफिसर ठेवतात आणि वरिष्ठांशी संबंध राखून निर्णय आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न करतात असं स्पष्ट नोंदवलं. गंमत नाही, हे अहवाल आज वाचले तरी पगाराचं गणित कळतं: मागणी होती ती ओळखीला, कारण निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर होता आणि नियम बाहेर कुणाला दिसत नव्हते.

मग ह्या लोकांना मिळायचं काय? रोख पगार म्हणाल तर आजच्या तुलनेत फारच कमी, आणि त्याला कारण इन्कम टॅक्स. १९७३-७४ मध्ये २ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर सरचार्ज धरून ९७.७५ टक्के कर होता, म्हणजे पगार वाढवून दिला तरी हातात येणार शंभरातले सव्वादोन रुपये. त्यामुळे मोबदला सोयींमध्ये दिला जायचा, दिल्लीत कंपनीचा फ्लॅट, गाडी आणि ड्रायव्हर, क्लबची मेंबरशिप, टेलिफोन, पाहुणचाराचा खर्च. ह्यातल्या बऱ्याच गोष्टी कामाला लागायच्याच, त्यामुळे पगार कुठे संपतो आणि ऑफिसचा खर्च कुठे सुरू होतो हे वेगळं काढणं कठीण होतं आणि ती सवय ह्या पेशात खूप वर्षं टिकली.

ह्या काळाचा एक सुंदर पुरावा म्हणजे कंपन्यांचे जुने वार्षिक अहवाल. कंपनी कायद्यात १९७४ च्या दुरुस्तीने कलम २१७(२अ) आलं, वर्षाला ३६,००० रुपये किंवा जास्त घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची माहिती छापायची. अहवालाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात तक्ता: नाव, वय, शिक्षण, कामाचं स्वरूप, एकूण मोबदला, अनुभवाची वर्षं, रुजू झाल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना आधीची नोकरी. मला हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा वाटतो, कारण दिल्ली ऑफिसचा माणूस कंपनीतच वाढलेला की सरकारी खात्यातून आलेला हे तिथे एका ओळीत कळतं. तुलनेसाठी घ्या, तिसऱ्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या सचिवाला महिना ३,५०० होते, वर्षाचे ४२,०००. म्हणजे ज्याच्या केबिनबाहेर हा माणूस ताटकळायचा त्या सचिवाचा पगार ह्या तक्त्याच्या उंबरठ्यापेक्षा थोडासाच वर होता.

आणखी एक गोष्ट, जिचा हिशोब कुठल्याच तक्त्यात नाही. १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली ती १९८५ पर्यंत राहिली. देणग्या काही थांबल्या नाहीत, त्या रोखीत गेल्या आणि त्यातला बराच व्यवहार दिल्लीतल्या माणसांच्या हातून व्हायला लागला. विश्वासू आणि तोंड बंद ठेवणारा माणूस म्हणून त्याची किंमत वाढली आणि धोकाही त्याच्याच डोक्यावर आला. ह्या पेशाचं नाव खराब झालं ते मुख्यतः ह्या सोळा वर्षांत, आणि प्रामाणिकपणे फाइली अभ्यासून काम करणारे कितीतरी लोक त्यात उगाच भरडले गेले ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

२४ जुलै १९९१ ला नवीन औद्योगिक धोरण आलं, १८ उद्योग सोडून लायसन्स गेलं. आता लायझनवाल्यांचं काम संपलं असं अनेकांना वाटलं होतं. झालं उलटं, काम पांगलं. जमीन, वीज, पाणी, प्रदूषणाची परवानगी राज्यांकडे, म्हणून मंत्रालयातल्या चकरा वाढल्या. परदेशी कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खर्चाचे आकडे आले. दाभोळच्या वीज प्रकल्पाचं उदाहरण आपल्याला जवळचं: तो उभारणाऱ्या अमेरिकन एन्रॉन कंपनीच्या लिंडा पॉवर्स ह्यांनी जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर सांगितलं की प्रकल्पाचा खर्च सोडून, नुसत्या ‘शिक्षणावर’ (म्हणजे इथल्या लोकांना प्रकल्प समजावण्यावर) आणि प्रकल्प घडवण्याच्या प्रक्रियेवर कंपनीने अंदाजे २ कोटी डॉलर घातले. ते वाक्य महाराष्ट्रात किती गाजलं हे त्या पिढीला आठवत असेलच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने करार रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी झाल्या.

खरा बदल मात्र रेग्युलेटरांनी केला. १९९२ मध्ये सेबीला वैधानिक दर्जा, १९९७ ला टेलिकॉमचं नियामक ट्राय, १९९८ ला केंद्रीय वीज नियामक आयोग, मग विमा, मग स्पर्धा आयोग. ट्राय आधी कन्सल्टेशन पेपर काढतं, सगळ्यांच्या लेखी प्रतिक्रिया वेबसाइटवर टाकतं, त्यावर ओपन हाउस घेतं. तिथे साहेबांना मी ओळखतो ह्याचा तितका उपयोग नाही, चाळीस पानी उत्तर लिहावं लागतं ज्यात कायदा, अर्थशास्त्र आणि टेक्निकल मुद्दे बरोबर पाहिजेत कारण प्रतिस्पर्धी ते वाचून खोडून काढणार. वकील आणि अर्थशास्त्रवाले ह्या पेशात चांगल्या पगारावर शिरले ते इथून.

दोन प्रकरणांनी ह्याला जोर दिला. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये नीरा राडिया टेप्स, म्हणजे कंपन्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या राडियांची टॅप केलेली फोन संभाषणं, बाहेर आल्या, आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये वॉलमार्टवरून संसद बंद पडली, कारण अमेरिकन सिनेटकडे भरलेल्या अहवालांत २००८ पासून अंदाजे अडीच कोटी डॉलर लॉबिंगवर (सरकारी निर्णय आपल्या बाजूला वळवायच्या प्रयत्नांवर) खर्च दिसला ज्यात भारतातली गुंतवणूक हाही एक विषय होता. निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल ह्यांची चौकशी समिती नेमली गेली. त्यानंतर बाहेरच्या एजन्सीवर सगळं सोपवण्यापेक्षा आपल्याच पगारपटावर माणूस ठेवावा, तो लीगल आणि कम्प्लायन्सच्या नजरेखाली असावा, असं मोठ्या कंपन्यांना वाटणं साहजिक होतं.

ओळखीची किंमत संपली असं मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या लॉबिस्टांवर २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत एक अभ्यास आला होता, की आधी सिनेटरच्या ऑफिसात काम केलेल्या लॉबिस्टचा तो सिनेटर पद सोडतो तेव्हा कमाई सरासरी २४ टक्क्यांनी घसरते. ज्ञान तेच, अनुभव तोच, फक्त ओळखीचा माणूस खुर्चीवरून उठला. आपल्याकडे असं मोजता येत नाही पण निवृत्त अधिकाऱ्यांना का घेतलं जातं हे ह्यातून समजतं. त्यांच्यावरची बिनपरवानगी खाजगी नोकरी न करण्याची अट आधी २ वर्षांची होती, आता १ वर्षाची आहे. सचिवाचा पगार १९८६ ला ८,०००, १९९६ ला २६,०००, २००६ ला ८०,००० आणि २०१६ पासून २,२५,००० झाला, तेव्हा त्याला खाजगीत बोलवायचं तर बोली ह्याच्या वरच सुरू होणार.

आज पगार सगळ्यात जास्त कशाने हलत असेल तर सेक्टरने. सरकारच्या एका अधिसूचनेने ज्याचा धंदा वर किंवा खाली होतो त्या सेक्टरमध्ये पैसा जास्त: टेलिकॉम, फार्मा, दारू-तंबाखू, फिनटेक, ई-कॉमर्स, टेक प्लॅटफॉर्म. पण तीच अधिसूचना नोकरीही घालवू शकते, ऑनलाइन गेमिंगवर ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या गेम्सवर थेट बंदीचा कायदा आला, तिथल्या पॉलिसी टीमचं काय झालं असेल ह्याचा अंदाज कुणीही करू शकतो. जास्त पॅकेज बघून उडी मारणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि खालच्या टोकाला? मुंबईत बिल्डिंगची आयओडी, सीसी, ओसी, म्हणजे महापालिकेच्या आराखडा मंजुरीपासून बांधकाम आणि वापरापर्यंतच्या परवानग्या, काढणारे लायझनवाले, त्यांचा मोबदला बहुतेकदा प्रोजेक्टवर, स्क्वेअर फुटाच्या हिशोबाने आणि टप्प्याटप्प्याने, म्हणजे फाइल अडली की पैसेही अडले. एमआयडीसीतल्या कारखान्यात एमपीसीबीचा (प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) कन्सेंट, डिशची (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची) परवानगी, महावितरणचा लोड हे सांभाळणारा माणूस कन्सेंट वेळेवर आला तर कुणाला दिसत नाही आणि उशीर झाला तर प्लँट बंद पडायला तोच जबाबदार. नव्या मुलांसाठी मुख्यमंत्री फेलोशिप हा एक रस्ता, २०२५-२६ ला त्यात ५६,१०० मानधन आणि ५,४०० प्रवासखर्च होता, आणि हे ५६,१०० म्हणजे सातव्या आयोगातलं आयएएसचं सुरुवातीचं मूळ वेतन. सरकार आतून बघितलेलं असणं ही पुढच्या नोकरीत पगाराच्या बोलणीत कामाला येणारी गोष्ट आहे.

नक्की आकडे मात्र आजही अंधारात आहेत. अमेरिकेत १९९५ चा लॉबिंग डिस्क्लोजर कायदा आहे, कंपन्या दर तिमाहीला खर्च जाहीर करतात, २०२३ ची बेरीज ४ अब्ज डॉलरच्या वर होती. आपल्याकडे खासदार कलिकेश नारायण सिंह देव ह्यांनी २०१३ मध्ये लॉबिंग उघड करण्याचं खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. वार्षिक अहवालातला तो जुना तक्ता आता वर्षाला १ कोटी २ लाख आणि वर घेणाऱ्यांपुरता आणि पगारातल्या पहिल्या दहा जणांपुरता उरलाय, तोही फक्त लिस्टेड कंपन्यांना. परदेशी कंपनीची भारतातली प्रायव्हेट लिमिटेड ह्यात येतच नाही, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये लॉबिंगवर तिचा किती खर्च होतो हे पुण्यात बसून कळतं पण दिल्लीतल्या ऑफिसवर किती होतो ते कळत नाही.