खुर्ची उलटी करा, पडद्याची किनार बघा

आमच्या स्टॉलवर येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

इंग्लंडमधल्या न्यूअर्कचं फेअर (जुन्या वस्तूंचा बाजार) असो की आर्डिंग्लीचं, स्टॉलवर मराठी बोलणारं कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे अँटिक आहे का हो?" नाही. या धंद्यात अँटिक म्हणजे साधारण शंभर वर्षांपलीकडचं. आम्ही विकतो ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटापासून १९७० च्या आसपासपर्यंतचं ब्रिटिश फर्निचर आणि त्याच काळातलं छापील पडद्याचं कापड. बऱ्याच गिऱ्हाइकांच्या आईवडिलांच्या वयाचं. त्यावर दुसरा प्रश्न येतो, "मग एवढी किंमत कशाची?" पावसात, चिखलात, गर्दीत उभ्या उभ्या त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आम्ही दोघंच हे काम करतो. एक जण लाकूड बघतो, दुसरी कापड. भांडण झालं तर ते किमतीवरून होतं.

आधी उलटं करा

खुर्ची उचलून उलटी केली तर आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. वरून सगळं पॉलिश केलेलं असतं. खरं काय ते खाली कळतं. फक्त एक पथ्य पाळा: आकड्यांवर पटकन विश्वास ठेवू नका.

साध्या ओकच्या कपाटाच्या मागे कधी कधी दोन गोल, प्रत्येकाची एक फोड कापून काढल्यासारखे, आणि पुढे ४१ असा शिक्का दिसतो. इंग्रज लोक त्याला 'चीझ' म्हणतात. हा युटिलिटी योजनेचा शिक्का. युद्धात लाकडाचा इतका तुटवडा झाला की सरकारनेच फर्निचरचे नमुने ठरवून दिले. गॉर्डन रसेल यांच्यासारखे जाणकार त्या समितीवर होते. १९४३ च्या सुरुवातीला नमुन्यांची यादी निघाली आणि माल मिळायचा तो कुपनांवर, मुख्यतः नव्याने लग्न झालेल्यांना आणि बाँबहल्ल्यात घर गेलेल्यांना. योजना १९५२ पर्यंत चालली. म्हणजे ४१ आकडा पाहून "हे १९४१ चं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. त्या वर्षी युटिलिटी फर्निचर निघालेलंच नव्हतं.

अर्कोल या इंग्लिश कंपनीच्या खुर्च्यांखाली तर आणखी गंमत. तिथे 'बीएस १९६०' असा छाप असतो आणि जवळजवळ प्रत्येक फेअरला कुणीतरी ती खुर्ची १९६० सालची म्हणून विकत असतं. ते साल नाही, ब्रिटिश स्टँडर्डचा (दर्जाच्या मानकाचा) क्रमांक आहे. आम्हीही पहिल्या वर्षी हीच चूक करून दोन खुर्च्यांना चुकीचं साल लावलं होतं. गिऱ्हाईक परत आलं नाही, पण चूक कळल्यावर झोप मात्र गेली.

मग ओळखायचं कसं? सांध्यांवरून. अर्कोलच्या विंडसर जातीच्या खुर्चीत बैठक एल्म या झाडाच्या लाकडाची आणि पाय, दांड्या बीच या झाडाच्या असतात. पाय बैठकीच्या आरपार वर येतो आणि त्याच्या डोक्यात पाचर ठोकलेली असते. बैठकीवर हात फिरवलात तर पायांच्या जागी चार गोल बोटांना लागतात, कारण इतक्या वर्षांत लाकूड थोडं आकसतं. स्क्रू किंवा धातूची पट्टी दिसली तर मधे कुणीतरी दुरुस्ती केली आहे असं समजा.

ही खुर्ची मुळात स्वस्तातली. १९४४ मध्ये सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडने हाय विकम गावच्या ल्युशियन अर्कोलानी यांना (अर्कोल कंपनी त्यांचीच) एक लाख स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांची ऑर्डर दिली, दर साडेदहा शिलिंग. अर्कोलानी जन्माने इटालियन. एल्म वाकडं होतं म्हणून कारखानदार त्याच्या वाटेला जात नसत. अर्कोलानींनी ते नीट वाळवायची पद्धत बसवली आणि बीच वाफेवर वाकवून कमानी केल्या. पुढे १९७० च्या दशकात डच एल्म रोगाने ब्रिटनमधली अडीच कोटींहून जास्त झाडं गेली. त्या रुंद, लाटा उठल्यासारख्या रेघांच्या एल्मच्या फळ्या आता सहज मिळत नाहीत. किंमत कशाची, याचं एक उत्तर हे.

लाकूड मिळत नव्हतं म्हणून काहींनी लाकूडच टाळलं. अर्नेस्ट रेस यांनी १९४५ मध्ये बीए ही खुर्ची केली ती विमानांच्या भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून. अशा अडीच लाखांच्या वर खुर्च्या निघाल्या. त्यांचीच अँटेलोप खुर्ची म्हणजे वाकवलेल्या लोखंडी सळ्या, प्लायवूडची बैठक आणि पायांच्या टोकाला गोळ्या. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या गच्चीवर ती मांडलेली होती. त्या गोळ्या खालून झिजलेल्या असतील तर उत्तम. अगदी गुळगुळीत असतील तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारा.

"हे अस्सल सागवान ना?"

हा तिसरा प्रश्न, आणि तो फक्त आपलीच माणसं विचारतात. आपल्याकडे सागवानी म्हटलं की भरीव फळी, दोन माणसांनाही न उचलणारा पलंग. साठच्या दशकातल्या ब्रिटिश साइडबोर्डमध्ये (जेवणाच्या खोलीतलं लांब, बुटकं कपाट) तसं नसतं. जी-प्लॅन घ्या, स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीचं मॅकिन्टॉश घ्या: कडा, हँडल, पाय भरीव सागाचे; मोठे पृष्ठभाग मात्र प्लायवर किंवा चिपबोर्डवर (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीवर) चढवलेल्या सागाच्या व्हिनिअरचे, म्हणजे पातळ पापुद्र्याचे. ही फसवणूक नाही. सहा-सात फुटी भरीव फळी इंग्लंडच्या हीटरच्या खोलीत वाकली असती, व्हिनिअर वाकत नाही. शिवाय एकाच ओंडक्याच्या पातळ चकत्या शेजारीशेजारी लावल्यामुळे सगळ्या दारांवर रेघा सलग जुळतात. दारं मिटून दोन पावलं मागे या आणि बघा. रेघ एका दाराशी तुटत असेल तर ते दार दुसऱ्या कपाटाचं आहे.

म्हणून हात जोडून विनंती: घरी नेल्यावर सँडपेपरचं मशीन लावू नका. व्हिनिअर कागदाच्या जाडीचंच असतं, एकदा खालचं चिपबोर्ड उघडं पडलं की इलाज नाही. पांढरे डाग पडले असतील तर आधी आम्हाला फोटो पाठवा. बहुतेक डाग पॉलिशमधले असतात, लाकडातले नसतात.

जी-प्लॅनविषयी थोडं. ते ई. गॉम या हाय विकमच्या कंपनीचं. १९५३ मध्ये डॉनल्ड गॉम यांनी ही योजना काढली तोवर लोक अख्खा सेट घेत, सहा खुर्च्या, टेबल, साइडबोर्ड, सगळं एकदम. यांनी सांगितलं, एकेक घ्या, पगार होईल तसं घ्या, सगळं एकमेकांशी जुळेल. त्यामुळे आजही एकेकटं टेबल किंवा एकेकटं कपाट भरपूर मिळतं आणि तुम्हीही तसंच जमवू शकता. आधीच्या मालावर सोनेरी छाप असतो, नंतरच्यावर लाल लेबल. लेबल निघून गेलं म्हणून वस्तू खोटी होत नाही, आणि लेबल आहे म्हणून खरी ठरत नाही; आम्ही दोन्ही पाहिलं आहे.

रोझवूडची (शिसवीच्या जातीच्या लाकडाची) वस्तू आवडली तर कागद मागा. ब्राझीलच्या रोझवूडवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे आणि १९४७ नंतरची वस्तू विकायला परवाना लागतो. तो नसेल तर आम्ही ती वस्तू मांडतच नाही.

सोफा नवा का वाटतो

कारण कायद्याने तो वाटावाच लागतो. १९८८ च्या आगप्रतिबंधक नियमांप्रमाणे १ जानेवारी १९५० नंतरचं कुठलंही गादीचं फर्निचर दुकानदाराने विकताना आतला फोम आणि वरचं कापड त्या नियमांत बसावं लागतं. जुना फोम आगीत भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो. म्हणून आम्ही सांगाडा जुना ठेवतो, फोम नवा भरतो, कापड नवं चढवतो. बैठकीखालचे रबरी पट्टेही बदलतो, कारण पन्नास-साठ वर्षांत ते खारकेसारखे कडक होतात. शेजारचा स्टॉलवाला मूळ कापडासकट साठच्या दशकातली आरामखुर्ची निम्म्या किमतीत देत असेल, तर ती बैठकीची नव्हे, फक्त सांगाड्याची किंमत समजा.

आता कापड

इथे मात्र मी (कापडवाली) थोडा जास्त वेळ घेणार आहे.

आपण ज्याला चीट म्हणतो तोच शब्द इंग्रजीत चिंट्झ झाला. छापील सुती कापडाचं वेड या देशाला हिंदुस्थानी मालानेच लावलं. पण १९५१ च्या सुमारास इंग्रजी बैठकीच्या खोलीत त्या जुन्या गुलाबांचा कंटाळा आला होता. त्या वर्षी फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये फर्निचर डिझायनर रॉबिन डे यांनी मांडलेल्या खोलीत त्यांच्या पत्नी ल्युसिएन डे यांचं 'कॅलिक्स' नावाचं कापड लागलं. ऑलिव्ह रंगाच्या लिननवर पेल्यांसारखे आकार, पिवळे, नारिंगी, काळे, पांढरे, बारीक रेघांच्या देठांवर तोललेले. हील्स या लंडनच्या दुकानाने ते छापलं खरं, पण तिथल्या कापडविभागाच्या प्रमुखाला ते विकेल असं वाटत नव्हतं. ठरलेल्या २० पौंडांपैकी त्याने १० च दिले. पुढे कापड वर्षानुवर्षं खपलं, मिलानला सुवर्णपदक मिळालं आणि उरलेले पैसेही पोचले.

त्याच फेस्टिव्हलमध्ये विज्ञानातून आलेली नक्षी होती. केंब्रिजच्या शास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांच्या कल्पनेवरून इन्सुलिन, हिमोग्लोबिन आणि कितीतरी खनिजांच्या स्फटिकरचनेच्या आकृत्यांवरून २८ कारखान्यांनी पडदे, वॉलपेपर, कपबशा काढल्या. मारियान स्ट्राउब यांनी वॉर्नर कंपनीसाठी विणलेलं 'सरे' हे कापड अ‍ॅफविलाइट या खनिजावरून आलं.

माझं स्वतःचं आवडतं मात्र वेगळंच आहे. त्रिनिदादच्या कापड-डिझायनर अल्थिया मॅकनिश यांचं 'गोल्डन हार्वेस्ट', हल ट्रेडर्स या कंपनीने १९५९ मध्ये काढलेलं. एसेक्समधलं गव्हाचं शेत पाहून त्यांना लहानपणचा ऊस आठवला. मी कोल्हापूरकडची; तो पडदा पहिल्यांदा उलगडला तेव्हा त्यात गहू मला दिसलाच नाही. आमच्याकडे आजवर दोनच तुकडे आले. एक विकला, दुसरा विकायला मला जड जातं. विचारून बघा.

आता किनार. साडीचा काठ तपासता तसा पडद्याचा तपासा. या काळातल्या चांगल्या कापडांच्या किनारीवर नक्षीचं नाव, डिझायनर आणि कंपनी छापलेली असते. पडदे शिवताना किनार कापली गेली की कापडाचं जन्मनाव गेलं, आणि किंमत बरीच उतरते. किनार असेल तर आम्ही तिचा फोटो पावतीला जोडतो. 'कॅलिक्स' नव्यानेही छापलं जातं, ग्लासगोच्या कलाविद्यालयात, डिजिटल पद्धतीने, उघडपणे नवं म्हणून. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा ते जुनं म्हणून विकलं जातं.

छपाईही बघा. लँकेशायरच्या डेव्हिड व्हाइटहेडसारख्या कंपन्या स्वस्त रेयॉनवर (कृत्रिम रेशमावर) रोलरने छापत. रोलरचा घेर जेवढा तेवढीच नक्षी, मग तीच पुन्हा. स्क्रीनवर, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून, छापलेल्या कापडात एकच आकार हातभर उंच जाऊ शकतो. स्क्रीन महाग, रोलर स्वस्त, हा तेव्हाचाही हिशेब होता. तरी रोलरचं कापड कमी प्रतीचं समजू नका. साध्या पगारदाराच्या घरी आधुनिक नक्षी पोचली ती त्याच्यामुळे.

रेयॉन पाण्यात घालू नका. ओलं झालं की ते कमजोर होतं. मी एकदा व्हाइटहेडचा एक जोड बादलीत भिजवला आणि पिळताना तो मधोमध फाटला. धूळ झटका, जाळीचं कापड मधे धरून हळू व्हॅक्यूम करा, बाकी जाणकाराकडे द्या. सरळ उन्हात लावू नका. उडालेला रंग परत येत नाही. ठेवायचं असेल तर घडी घालण्यापेक्षा नळीवर गुंडाळा. घडीच घालायची असेल तर आई-आजी पैठणीचं करायच्या तसं करा: मलमलीत बांधून, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घालायची. लोकरीच्या विणकामाला कसर लागते, ते वेगळं ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

घासाघीस, पोचवणं आणि जिना

मुंबईच्या चोरबाजारात निम्म्यापासून सुरुवात करतात. इथे तसं केलं तर समोरचा हसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. "यावर तुमची शेवटची किंमत काय?" एवढंच विचारायचं. आम्ही दहा टक्क्यांपर्यंत उतरतो, दोन-तीन वस्तू एकदम घेतल्यात तर थोडं अधिक. मराठीत विचारलंत म्हणून जास्त सूट मिळत नाही, चहा मिळतो.

लाकडात बारीक भोकं दिसली तर घाबरू नका. भोकांतून ताजा, फिका भुगा पडत असेल तरच कीड जिवंत आहे. अशी वस्तू आम्ही आणत नाही, पण दुसऱ्या स्टॉलवर घेताना मोबाइलचा टॉर्च लावून खालून जरूर बघा.

कुणी वस्तू भारतात न्यायचं म्हणतं. खुर्च्या जातील. व्हिनिअरचा साइडबोर्ड कोकणातल्या पावसाळ्यात आम्ही स्वतः नेला नसता.

घरपोच देतो, भाडं अंतराप्रमाणे. पण आधी जिन्याची रुंदी, वळणावरची उंची आणि दाराची चौकट मोजून कळवा. बहुतेक साइडबोर्डचे पाय स्क्रूचे असतात, निघतात. जुन्या टेरेस घरांचा (ओळीत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांचा) जिना मात्र निघत नाही. एकदा सात फुटी साइडबोर्ड वरच्या मजल्याच्या खिडकीतून दोरीने आत घ्यावा लागला होता, आणि खिडकीची चौकट परत बसवायचा खर्च गिऱ्हाइकाने व आम्ही निम्मा निम्मा सोसला.