आगीच्या कायद्यातून आलेली कात्री

छोट्या महोत्सवातून एखादा भयपट गळतो तेव्हा सेन्सॉरचा कुणी अधिकारी समोर येत नाही. येतो तो आयोजकांचा फोन, आणि सूर अगदी अजिजीचा असतो. निवड समितीला चित्रपट आवडलेला असतो, वेळापत्रकात नाव छापूनही झालेलं असतं, पण आता ‘वरून’ विचारणा झालेली असते. तो एक प्रसंग काढून चार मिनिटं कमी केलीत तर दाखवू, नाहीतर यंदा राहू द्या. दिग्दर्शक म्हणतो, हे लेखी द्या. लेखी काही मिळत नाही. त्याने स्वतःचे आणि मित्रांचे पैसे घालून, सुट्टीच्या दिवसांत चित्रीकरण करून चित्रपट पुरा केलेला असतो. पाठीशी स्टुडिओ नाही, वकील नाही, आणि खेळ परवावर आलेला.

हा ‘वर’चा माणूस नेमका कोण, हे शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. गंमत म्हणजे माग काढत गेलं की भुताखेतांच्या आधी आग लागते.

४ मे १८९७. पॅरिसमध्ये धर्मादाय कामासाठी एक बाजार भरला होता आणि त्यात चलच्चित्रं दाखवण्याची सोय होती. प्रोजेक्टरचा दिवा ईथरवर चालायचा. दिव्याशी चाललेल्या खटपटीत भडका उडाला आणि लाकूड-कापडाचा तो मांडव काही मिनिटांत जळून गेला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका. त्या काळची फिल्मही नायट्रेटची. एकदा पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी ती विझत नाही. चित्रपट सरकारदरबारी प्रथम आला तो ज्वालाग्राही वस्तू म्हणून. त्यात काय दाखवतात याची चौकशी नंतरची.

ब्रिटनने १९०९ साली सिनेमॅटोग्राफ कायदा केला तो यासाठीच. प्रोजेक्टरची खोली आगीपासून सुरक्षित हवी, आणि जागेला परवाना द्यायचा अधिकार स्थानिक कौन्सिलचा. पण हाती परवाना आला की अटी सुचायला लागतात. लंडनच्या कौन्सिलने रविवारी खेळ करायचे नाहीत अशी अट घातली. बरमंड्सीतल्या एका सिनेमागृहाने ती मोडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. रविवारचा आणि आगीचा काय संबंध, हा त्यांचा मुद्दा खरं तर बिनतोड होता. १९११ मध्ये कोर्टाने मात्र कौन्सिलच्या बाजूने कौल दिला: अटी सुरक्षिततेपुरत्याच असल्या पाहिजेत असं काही नाही. कात्री जन्माला आली ती इथे. कुठल्या वारी दाखवायचं हे ठरवता येतं म्हटल्यावर काय दाखवायचं हे ठरवायला कितीसा वेळ लागणार? प्रत्येक गावच्या कौन्सिलची लहर सांभाळता सांभाळता चित्रपटवाले इतके वैतागले की १९१२ मध्ये त्यांनी स्वतःहूनच एक मंडळ काढलं, तेच ब्रिटिश सेन्सॉर बोर्ड. बोर्डाने शिफारस करायची, शेवटचा शब्द कौन्सिलचा, ही व्यवस्था तिथे आजही कायद्यात आहे. आपल्याकडे १९१८ साली इंग्रजांनी जो कायदा आणला त्यातही प्रेक्षकांची सुरक्षितता आणि चित्रपटांची तपासणी हे दोन विषय असेच एका दावणीला बांधले होते.

भयपटांशी सेन्सॉरची खरी गाठ पडली १९३० च्या दशकात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्येच सांगून टाकलं होतं की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तीचं संरक्षण नाही. त्यामुळे राज्याराज्यांची, शहराशहरांची मंडळं मोकळेपणाने कापाकापी करत होती. १९३१ चा ‘फ्रँकेनस्टाइन’ त्यांच्या हाती लागला. त्यात तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. मारिया नावाची लहान मुलगी त्या राक्षसाला अजिबात घाबरत नाही, उलट त्याला फुलं देते. दोघं मिळून ती फुलं पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात, राक्षस हरखतो. फुलं संपतात. तेव्हा हीसुद्धा तरंगेल असं वाटून तो मुलीला उचलतो आणि पाण्यात टाकतो. ती बुडते, आणि तो भांबावून पळत सुटतो. ठिकठिकाणच्या सेन्सॉरना हे सोसवलं नाही. मग पुढे वर्षानुवर्षं जी प्रत फिरली तिच्यात राक्षस मुलीकडे हात पसरतो आणि दृश्य तुटतं. नंतर एकदम बाप मुलीचं प्रेत हातांवर घेऊन गावातून चालताना दिसतो. मधल्या काळात काय घडलं असेल, हे प्रेक्षकाने ठरवायचं. प्रेक्षकाने जे ठरवलं ते मूळ प्रसंगापेक्षा कितीतरी ओंगळ होतं. निष्पाप चुकीची गोष्ट होती, तिचा अत्याचार करून ठेवला सेन्सॉरने. कापलेला तुकडा १९८० च्या दशकात पुन्हा जोडला गेला, तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

याच सुमारास चित्रपट महोत्सव नावाची चीज जन्माला आली. ६ ऑगस्ट १९३२ च्या रात्री व्हेनिसच्या एक्सेलसियर हॉटेलच्या गच्चीवर जगातल्या पहिल्या मोठ्या महोत्सवाचा पहिला खेळ झाला. दाखवला काय? ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’. भयपट! प्रेक्षकांच्या मतांवर आवडता नट ठरला तोही त्यातलाच, फ्रेडरिक मार्च. आज भयपट म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या निवड समित्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. हाच चित्रपट १९३६ मध्ये अमेरिकेत पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा हेज संहितेचा, म्हणजे चित्रपट उद्योगाने स्वतःवरच घातलेल्या नियमांचा, अंमल कडक झालेला होता आणि त्यातली काही मिनिटं काढावी लागली. महोत्सवात अखंड आणि बाजारात कापलेला, असे दोन जन्म एकाच चित्रपटाला मिळाले ते असे. जाणकारांपुढे एक-दोन खेळ होणार, सेन्सॉर वगैरे नंतर बघू, ही महोत्सवी सवलतीमागची समजूत तेव्हापासूनची. मात्र ती कृपा आहे, हक्क नाही. १९५६ मध्ये कान महोत्सवाने नाझी छळछावण्यांवरचा एक फ्रेंच माहितीपट स्पर्धेतून काढला, तो जर्मन वकिलातीच्या नाराजीमुळे.

भयपट स्टुडिओच्या बाहेर पडला तो १९६८ मध्ये. पिट्सबर्गजवळ, लाखभर डॉलरांच्या आसपास खर्चात, जाहिराती बनवणाऱ्या मंडळींनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागला, आणि अमेरिकेतली वयानुसार प्रमाणपत्रं सुरू झाली १ नोव्हेंबरला. त्या महिन्याभराच्या फटीत दुपारच्या खेळाला पोरंटोरं जाऊन बसली आणि रडत बाहेर आली. इकडे त्याच साली स्पेनमध्ये, फ्रँकोची हुकूमशाही चालू असताना, सित्जेस या समुद्रकाठच्या गावात फक्त अद्भुत आणि भयपटांचा महोत्सव सुरू झाला. आज त्या प्रकारातला तो सगळ्यात मानाचा आहे.

‘टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ची हकिगत जरा सविस्तर सांगायला हवी, कारण स्थानिक अधिकार दोन्ही दिशांनी कसा चालतो हे तिच्यात दिसतं. १९७४ चा चित्रपट. नाव ऐकून रक्ताचे पाट डोळ्यांपुढे येतात, पण पडद्यावर रक्त फारसं नाहीच. दिग्दर्शक टोबी हूपरला सौम्य प्रमाणपत्राची आशा होती, म्हणून त्याने बरंचसं आडून दाखवलं. मारेकरी एका मुलीला खाटकाच्या आकड्याला अडकवतो, पण आकडा अंगात शिरताना दिसत नाही. दिसतं खाली ठेवलेलं घमेलं. ते कशासाठी ठेवलंय हे प्रेक्षकाला कळतं, आणि कळणं हेच भयंकर. १९७५ मध्ये तो कान महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या ‘दिग्दर्शकांच्या पंधरवड्या’त दाखवला गेला. ब्रिटिश बोर्डाने मात्र त्याच वर्षी प्रमाणपत्र नाकारलं. त्यांची खरी अडचण ही की कापायचं काय? भीती एखाद्या शॉटमध्ये असती तर तो काढला असता, ती सगळ्या हवेतच भरलेली. मग लंडनच्या कौन्सिलने आपला जुना अधिकार वापरून शहरापुरती परवानगी दिली. म्हणजे हद्दीच्या अलीकडे पाहता येतो, पलीकडे बंदी. बोर्डाने अखंड प्रतीला प्रमाणपत्र दिलं ते थेट १९९९ मध्ये.

पुढे व्हिडिओ आला आणि ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांनी एकच गिल्ला केला. ‘व्हिडिओ नॅस्टीज’ हा शब्द तेव्हाचा. सरकारी वकिलांच्या यादीत वेळोवेळी मिळून ७२ चित्रपट आले, त्यांतल्या ३९ चित्रपटांवरचे खटले सिद्ध झाले. बहुतेक स्वतंत्र, कमी पैशांत केलेले. सॅम रेमीचा ‘द इव्हिल डेड’ त्यातला गाजलेला. त्याने आधी एक छोटा नमुना-चित्रपट केला आणि तो दाखवून ओळखीपाळखीतून पैसा उभा केला. १९८२ मध्ये कानला भरणाऱ्या चित्रपटांच्या बाजारात भयकथाकार स्टीफन किंगने तो पाहिला आणि वाखाणला, तिथून त्याला पाय फुटले. ब्रिटिश बोर्डाने ४९ सेकंद कापून तो सिनेमागृहासाठी पासही केला. तरी त्याच्या कॅसेट पोलीस दुकानांतून उचलत होते, कारण व्हिडिओला ते प्रमाणपत्र लागूच नव्हतं. १९८४ च्या व्हिडिओ कायद्याने ही गडबड मिटवली असं मानलं गेलं. २००९ मध्ये लक्षात आलं की हा कायदा युरोपीय आयोगाला कळवायचा राहूनच गेला होता, त्यामुळे पंचवीस वर्षं तो अंमलात आणण्याजोगाच नव्हता! २०१० च्या जानेवारीत घाईघाईने पुन्हा मंजूर केला.

आक्षेप घेणारे दरवेळी चुकलेच, असं मी म्हणणार नाही. १९८० च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’चा दिग्दर्शक रुग्गेरो देओदातो याच्यावर इटलीत खटला झाला, त्याला आपले नट जिवंत असल्याचं दाखवून द्यावं लागलं. ते हास्यास्पद होतं. पण त्या चित्रपटात प्राणी खरोखर मारले आहेत, आणि त्याला कलेची कुठलीही सबब चालणार नाही.

महोत्सवांच्या बाबतीत कळीचं वर्ष २०१०. ऑगस्टमध्ये लंडनच्या फ्राइटफेस्ट या भयपट महोत्सवात ‘अ सर्बियन फिल्म’ दाखवायचा होता. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने कळवलं की बोर्डाकडून पास झालेलीच प्रत चालेल. बोर्डाने ४९ कट सांगितले, सुमारे चार मिनिटांचे. आयोजकांनी कापलेला दाखवण्यापेक्षा चित्रपटच मागे घेतला. चित्रपट मला स्वतःला असह्य वाटतो, पण प्रश्न तो नाही. बोर्ड एरवी महोत्सवाच्या वाटेला जात नव्हतं, त्याला मधे आणलं जागेच्या परवान्याने. म्हणजे १९०९ चीच वाट. नायट्रेटची फिल्म बनायची थांबून तेव्हा साठेक वर्षं झाली होती. त्याच शरद ऋतूत स्पेनमध्ये सॅन सबॅस्टियनच्या भयपट सप्ताहाला कोर्टाने तोच चित्रपट दाखवू दिला नाही, आणि सित्जेसमध्ये तो दाखवल्याबद्दल संचालकावर पुढे आरोप ठेवले गेले, ते नंतर टिकले नाहीत.

तिकडे ऑस्ट्रेलियात तेव्हा महोत्सवांना वर्गीकरण मंडळाकडून सूट घ्यावी लागत असे. त्या वर्षी मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला ‘एल. ए. झोम्बी’साठी ती नाकारली गेली. गावातल्याच दुसऱ्या, बंडखोर छोट्या महोत्सवाने तो बेधडक दाखवला. नोव्हेंबरमध्ये संचालकाच्या घरावर पोलीस आले. शेवट काय, तर मुलांच्या एका रुग्णालयाला ७५० डॉलर देण्याचा आदेश.

भारतात १९५२ च्या कायद्याच्या ९ व्या कलमाखाली केंद्र सरकार चित्रपटांना सूट देतं, महोत्सवाचं सगळं त्या पत्रावर चालतं. ते सहसा मिळतं. मुंबईच्या माहितीपट महोत्सवाने २००४ च्या खेपेला भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरवलं, त्यातून पेटलेल्या वादात माहितीपटवाल्यांनी ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सवच भरवला. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ‘एस दुर्गा’ आणि मराठी ‘न्यूड’ हे परीक्षकांनी निवडलेले चित्रपट मंत्रालयाने वगळले. परीक्षकांच्या अध्यक्षाने राजीनामा दिला, केरळ उच्च न्यायालयाने ‘एस दुर्गा’ दाखवा म्हटलं, तरी महोत्सव तो न दाखवताच संपला. यातला एकही भयपट नव्हता. मोठ्या महोत्सवात कोर्टाचा आदेश हातात असून ही गत, तर गावच्या महोत्सवात आदेश आणायलाच कोण जातो?

म्हणून त्या फोनवर ‘वरून’ असं म्हणतात तेव्हा पुष्कळदा वर कुणी नसतंच. असते ती परवान्याची, पुढच्या वर्षीच्या सभागृहाची, प्रायोजकाची काळजी. अशी काळजी नवी नाही. १९३२ मध्ये टॉड ब्राउनिंगचा ‘फ्रीक्स’ तयार झाला. सर्कशीतल्या, खरोखरच वेगळ्या शरीरांच्या माणसांना घेऊन केलेला. चाचणी खेळाला लोक बिथरले, आणि कुठल्याही सरकारी मंडळाने सांगायच्या आत एमजीएम स्टुडिओने तो सुमारे दीड तासावरून ६४ मिनिटांवर आणला. एवढं करूनही ब्रिटनमध्ये त्याला १९६३ पर्यंत बंदी होती, आणि गल्लाही भरला नाही. कापलेला तो जवळजवळ अर्धा तास आजतागायत सापडलेला नाही.