चौथं वाचन आणि कोरा कागद

लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत रात्री डोकावून बघा. बायोलॉजीचं पुस्तक, पानभर पिवळा हायलायटर आणि तोच धडा चौथ्यांदा वाचणारं पोर हमखास दिसेल. औसा, कंधार, परळीकडून आलेली ही पोरं कष्टाला कुठंच कमी पडत नाहीत. खोलीचं भाडं आणि मेसचं बिल सोयाबीनच्या पैशातून गेलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच कळकळीनं सांगतो, त्या चौथ्या वाचनातून हाती फार थोडं लागतं.

ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून सरसर जातो आणि आपल्याला वाटतं, ‘हे आलं’. पण बघून ओळखणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं. नीटच्या पेपरात चारही पर्याय ओळखीचे वाटतात, ते यामुळेच.

२००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी हे तपासून पाहिलं. एका गटानं विज्ञानाचा छोटा उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

असं का होतं, हे समजायला मेंदूत डोकवावं लागेल. कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. रोज भेटणारी माणसं त्याला रोज नवी वाटत. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी केलंय याचा मात्र त्याला पत्ताही नसायचा. भाकरी थापणं, सायकल चालवणं अशी हाताची शिकवण मेंदूत वेगळ्या वाटेनं मुरते. धडा, सूत्र, व्याख्या यांना सुरुवातीला हिप्पोकॅम्पसच लागतो.

तिथल्या चेतापेशी एकमेकींना पुन्हापुन्हा जोरदार संदेश देत राहिल्या की त्यांच्यातले जोड बळकट होतात. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशांच्या मेंदूत हे दाखवलं. न बघता आठवताना ते जाळं स्वतःहून पेटवावं लागतं. वाचताना ते काम पान करून टाकतं.

आता गावाकडचा हरिपाठ बघा. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आज्यांना तो तोंडपाठ असतो. त्या रोज संध्याकाळी म्हणतात, मध्ये एक दिवस जातो, थोडं निसटतं, चाल आणि शेजारणीचा आवाज ते परत आणून देतो. विसरायला थोडा अवधी मिळाला आणि मग आठवावं लागलं, की पाठांतर टिकतं. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउसनं १८८५ मध्ये याचा हिशेबच मांडला. १२ निरर्थक शब्दांची मालिका एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकून साधलं.

लातूर पॅटर्नमधल्या सराव परीक्षा मला याच कारणासाठी मोलाच्या वाटतात. पण त्यांच्याकडं फक्त गुण मोजायचं साधन म्हणून पाहिलं जातं. निकाल लागतो, पोरगं आपला नंबर बघतं आणि पेपर घडी घालून ठेवून देतं. खरं तर चुकलेला प्रश्न चार दिवसांनी पुन्हा न बघता सोडवणं, हा त्या परीक्षेचा सगळ्यात कसदार भाग आहे.

आणि झोप. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिसलं, की फिरताना ज्या पेशी एकत्र जागल्या होत्या, त्या नंतरच्या गाढ झोपेतही एकत्र जागतात. दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं बसतं ते बरंचसं अशा झोपेत. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला क्लास गाठणाऱ्या पोराच्या अभ्यासातले हेच तास कापले जातात. वेळापत्रक आखणाऱ्या पालकांनी आणि क्लासवाल्यांनी ते आधी मोजायला हवेत.