आधी पाण्याची टाकी, मग इंजिन

मॉडेल रेल्वे उभारायला घेतली की बहुतेक जण आधी इंजिन विकत घेतात आणि बाकीचं त्याच्याभोवती रचत जातात. अमेरिकेतला वाफेच्या इंजिनांचा काळ खराखुरा वाटावा असा उभा करायचा असेल, तर माझ्या मते सुरुवात पाण्याच्या टाकीपासून करावी. त्या काळातली रेल्वे तशी का दिसत होती, याचं बरंचसं उत्तर इंजिनाच्या तहानेत आहे.

एक किलो कोळसा जळला की साधारण ६ ते ८ किलो पाण्याची वाफ व्हायची. ती वाफ सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलायची आणि धुराड्यातून थेट हवेत जायची. तिचं पुन्हा पाणी करून घेण्याची सोय जवळजवळ कुठल्याच इंजिनात नसे. त्यामुळे टेंडरमध्ये (इंजिनामागे जोडलेल्या कोळशा-पाण्याच्या डब्यात) कोळसा शिल्लक असला, तरी पाण्यासाठी थांबणं चुकत नसे. पश्चिमेच्या सपाट, कोरड्या मुलुखात अशा थांब्यांभोवती गावं वसली. मॉडेलवर लाकडी टाकी, तिच्याजवळचं पंपघर आणि फलाटाच्या टोकाला इंजिनात पाणी भरणारा नळाचा खांब दिसला, की तिथे गाडी का थांबते हे सांगावं लागत नाही.

तहानेनंतर राख. लोको शेडमध्ये आलेलं इंजिन आधी राखेच्या खड्ड्यावर उभं राही, तिथे भट्टी साफ होई. मग कोळसा, वाळू (ओल्या रुळांवर चाकं घसरू नयेत म्हणून) आणि पाणी, आणि शेवटी टर्नटेबलवर (इंजिन वळवणाऱ्या फिरत्या पुलावर) फिरून शेडमध्ये मुक्काम. हा क्रम जागेप्रमाणे थोडाफार बदले, पण राखेचा खड्डा विसरलात तर सगळी मांडणी खोटी पडते. ही राख वायाही जात नसे. यार्डात आणि सायडिंगमध्ये (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळांवर) खडीऐवजी तीच पसरत. म्हणून मुख्य मार्गावर फिकट खडी आणि यार्डात काळपट, भुरभुरीत जमीन हा फरक दाखवलाच पाहिजे. रुळांवरून जाणाऱ्या पुलाचा खालचा भाग आणि बोगद्याच्या तोंडाची वरची कमान काजळीने काळी करावी, खालच्या बाजूला हात आवरता घ्यावा. धूर वर जातो, हे साधं सत्य रंगवताना हमखास विसरलं जातं.

इंजिनाच्या आकाराचा मोह मात्र आवरावा. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीसाठी १९४१ ते १९४४ या काळात बनलेली २५ ‘बिग बॉय’ इंजिनं टेंडरसकट ४० मीटरहून लांब होती. ती फिरवायला काही ठिकाणी १३५ फुटांची टर्नटेबलं बसवावी लागली. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, हे इंजिन सुमारे ४६५ मिलिमीटर भरतं. बाजारात सहज मिळणारं वळण ४५७ मिलिमीटर त्रिज्येचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ४० मीटरचं. अमेरिकन रेल्वेच्या भाषेत १० अंशांचं वळण हे मुख्य मार्गावर चांगलंच तीव्र समजलं जातं. त्याची त्रिज्या १७५ मीटर, आणि ती मॉडेलवर २ मीटर होते. एवढी जागा फार कमी जणांकडे असते. त्यापेक्षा पुढे दोन छोटी आणि मागे आठ मोठी चाकं असलेलं ‘कन्सॉलिडेशन’ घ्यावं. अमेरिकेत मालगाड्यांसाठी हा प्रकार हजारोंनी बनला, आणि लहान गावाच्या सायडिंगमध्ये तोच शोभतो.

लांबी, उंची आणि वळण आपण ८७ने भागू शकतो. वजन आणि ऊर्जा त्याच हिशेबाने कमी होत नाहीत, आणि मॉडेलचं खोटेपण सर्वात आधी इथेच उघड होतं. लांबी ८७ पट कमी झाली की आकारमान, आणि म्हणून वजन, सुमारे ६ लाख ५८ हजार पट कमी होतं. ३४५ टनांच्या ‘बिग बॉय’चं प्रमाणशीर वजन अवघं अर्धा किलो! त्यात वेगही ८७ पट कमी. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, तेव्हा ती कमी होते जवळपास ५०० कोटी पटींनी. घर्षण मात्र वजनाच्याच प्रमाणात घटतं. या दोन्हींचा मेळ घातला तर जी खरी गाडी थांबायला एक किलोमीटर घेते, तिचं मॉडेल सुमारे १३ सेंटिमीटरमध्ये थांबेल. नजरेला पटायला हवे साडेअकरा मीटर. म्हणून चांगल्या मॉडेलच्या मोटरला फ्लायव्हील (गती टिकवणारं जड चाक) जोडलेलं असतं आणि डिजिटल नियंत्रणात इंजिनाला खोटी जडता शिकवलेली असते. ती जरूर वापरावी, अगदी भरपूर वापरावी. जड मालगाडी हळूहळू वेग घेताना दिसली की बाकीच्या दहा उणिवा झाकल्या जातात.

वेगही मोजून घ्यावा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे मॉडेलवर सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर. एक मीटर जायला जवळपास आठ सेकंद. दोन सिलिंडरांचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा ‘छुक’ करतं. चाकाचा व्यास १.४५ मीटर धरला, तर याच वेगाला सेकंदाला जवळपास १० ‘छुक’ होतात. ध्वनियंत्राचा ताल चाकांशी जुळला नाही तर कानाला लगेच कळतं. कृत्रिम धुराच्या वाटेला मी तरी जाणार नाही. हवेचे भोवरे प्रमाणात लहान होत नाहीत, त्यामुळे धूर बारीक दोऱ्यासारखा निघतो.

एवढं झाल्यावर एक साल नक्की करावं. ‘वाफेचा काळ’ एवढं पुरेसं नाही, कारण वाघिणीसुद्धा बदलत गेल्या: वाघिणीखालचा जुना ‘आर्च बार’ प्रकारचा चाकांचा सांगाडा १९४०च्या सुमारास कंपन्यांमधल्या वाघिणींच्या देवाणघेवाणीतून बाद झाला. काही गोष्टी कायद्यातून आल्या आहेत. १९०६च्या कायद्यानुसार गुरांना सलग २८ तासांहून जास्त वाघिणीत ठेवता येत नसे (मालकाने लेखी विनंती केली तर ३६). त्यांना उतरवून चारा, पाणी आणि विश्रांती द्यावी लागे. मधल्या स्टेशनातले गुरांचे कोंडवाडे त्यासाठीच होते, आणि ते बांधले की मालगाडीला थांबण्याचं, शंटिंग (वाघिणी जोडण्या-सोडण्याचं काम) करण्याचं खरं कारण मिळतं.

पुराव्यासाठी जुने फोटो बघावेत, पण रंगांच्या बाबतीत सावध राहावं. सुरुवातीच्या दशकांतली बरीचशी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, म्हणून लाल वाघीण आणि विटांची भिंत त्यांत काळी दिसते. इथे सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे कामी येतात. त्यांत विटांची इमारत गुलाबी आणि लाकडी इमारत पिवळी दाखवलेली असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हजारो नकाशे सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांचं नेहमीचं प्रमाण एक इंचाला ५० फूट, म्हणजे १:६००. असा नकाशा सुमारे सात पट मोठा करून छापला की धान्याच्या कोठाराचा किंवा गोदामाचा एचओ मापाचा पाया थेट फळीवर ठेवता येतो.