माइक हातात आहे म्हणून रॅपर नव्हे

'ऑक्साइड अँड न्यूट्रिनो' या लंडनच्या जोडीचा दुसरा अल्बम 'टू स्टेप्झ अहेड' २००२ मध्ये आला. तो कुणालाही ऐकवा, शेरा ठरलेला: "अच्छा, ब्रिटिश हिपहॉप!" एक डीजे (ऑक्साइड), एक माइकवाला (न्यूट्रिनो), की झालं हिपहॉप. त्यातल्या एका गाण्याचं नावच 'रॅप दिस', त्यामुळे गैरसमजाला आयतंच खतपाणी. हिपहॉप त्यात आहेच. पण ही जोडी वाढली 'गॅरेज' नावाच्या नाचाच्या संगीतात, आणि ते वगळून ऐकलं तर अर्धा अल्बम निसटतो.

हिपहॉप तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. गॅरेज म्हणजे गिटारींचा गॅरेज रॉक नव्हे, हेही एकदाच सांगतो. नाव आलं न्यूयॉर्कच्या 'पॅरडाइज गॅरेज' क्लबवरून. तिथल्या नाचाच्या संगीताला लंडनच्या डीजेंनी नव्वदच्या दशकात वेग दिला. 'टू-स्टेप' हा त्याचाच एक प्रकार, अल्बमच्या नावातला श्लेष तोच. वेगाचा फरक सोपा आहे: हिपहॉप बहुधा मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या आसपास, गॅरेज एकशे तीसच्या. सेकंदकाट्याकडे बघत टेबलावर बोट आपटा. एका सेकंदात दोनाहून किंचित जास्त ठोके बसले, तर ते गॅरेज.

लोक अडखळतात ते माइकवाल्याच्या कामापाशी. हिपहॉपच्या रेकॉर्डवर रॅपर यजमान असतो. त्याला गोष्ट सांगायची असते, बीट त्याच्यासाठी जागा करून देतो. गॅरेजमधला एमसी, म्हणजे माइकवाला, हा डीजेच्या घरी आलेला पाहुणा. रेकॉर्ड डीजेची, रात्र डीजेची, आणि एमसीनं नाचणाऱ्यांना पेटतं ठेवायचं. म्हणून त्याच्या ओळी तोकड्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या, ठोक्याला चिकटलेल्या. गर्दीला एखादा तुकडा भिडला की ओरडा होतो, डीजे रेकॉर्ड हातानं उलटी फिरवतो आणि गाणं पहिल्यापासून लावतो. याला म्हणतात 'रिलोड'. मे २००० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या या जोडीच्या गाण्याच्या नावातच तो आहे: 'बाउंड फॉर द रिलोड'. त्यात सूर बीबीसीच्या 'कॅज्युअल्टी' या हॉस्पिटल मालिकेच्या शीर्षकसंगीताचा. ही डीजेची करामत आहे, तिला 'रॅपरच्या मागचं म्युझिक' म्हटलेलं मला सहन होत नाही.

हे दोघं ज्या 'सो सॉलिड क्रू' या लंडनच्या गॅरेज गटातले, त्यांचं २००१ चं 'ट्वेंटी-वन सेकंड्स' ऐका. एकेका एमसीच्या वाट्याला एकवीस सेकंद, की माइक पुढच्याकडे. तेवढ्यात गोष्ट सांगून होत नाही, ठसा मात्र उमटवता येतो.

हिपहॉप आणि गॅरेज, दोघांचा आजा एकच, जमैकन साउंड सिस्टिम (मोठे स्पीकर लावून डीजे आणि माइकवाल्यानं रंगवायचे नाचाचे जलसे), हे खरं. पण हिपहॉपमध्ये पुढे रॅपर मोठा झाला, गॅरेजमध्ये त्या काळापर्यंत डीजे मोठाच राहिला. 'टू स्टेप्झ अहेड'मध्ये या दोन्ही रीती एका घरात नांदतात. न्यूट्रिनो कुठे गोष्ट सांगतो आणि कुठे नुसता ठोका पेटवतो, ते गाण्यागणिक कान देऊन ऐका.

आणि हो, लंडनमध्ये गॅरेजला 'गॅरिज' म्हणतात. 'गराज' हा अमेरिकन उच्चार.