जन्मखूण घालवायची, पण ती आहे कशाची?

जन्मखूण काढून टाकता येईल का, हे तिच्या आकारावर किंवा गडदपणावर जेवढे अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ती कशामुळे उमटली आहे यावर अवलंबून असते. लाल-जांभळ्या खुणा बहुधा रक्तवाहिन्यांच्या असतात. तपकिरी, काळ्या आणि निळसर खुणा मेलॅनिन या रंगद्रव्याच्या किंवा ते तयार करणाऱ्या पेशींच्या. तान्ह्या बाळाच्या अंगावरचे दोन लाल डाग एकसारखे दिसत असले, तरी त्यातला एक आपोआप ओसरणारा आणि दुसरा वयाबरोबर गडद होत जाणारा असू शकतो. म्हणून उपचारांची चौकशी करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्यायला हवे.

आपोआप ओसरणाऱ्या खुणांमध्ये हिमॅन्जिओमा ही रक्तवाहिन्यांची गाठ येते. जन्मानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ती दिसू लागते, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते आणि मूल ४-५ वर्षांचे होईपर्यंत बहुतांशी विरते. त्यामुळे लहानशा गाठीला अनेकदा काहीच करावे लागत नाही. मात्र ती पापणीवर, ओठावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल, चिघळत असेल किंवा श्वासाच्या मार्गात येत असेल, तर वाट पाहण्यात नुकसान आहे. अशा गाठींवरचा आजचा प्रमुख उपचार अनपेक्षितपणे सापडला. फ्रान्समधील बोर्दो येथे अशी गाठ असलेल्या एका मुलाला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रानोलॉल हे औषध दिले गेले आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा लालभडक रंग उतरून ती मऊ पडल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. हे निरीक्षण २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी स्टेरॉइडवर भिस्त होती. प्रोप्रानोलॉलने बाळाच्या रक्तातील साखर घटू शकते आणि नाडी मंदावू शकते; म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यायचे असते.

पोर्ट-वाइन डागाची, म्हणजे रक्तवाहिन्यांमुळे उमटलेल्या सपाट लालसर डागाची, गोष्ट निराळी. तो जन्मतःच असतो, मुलाबरोबर वाढतो आणि पुढे जाड व जांभळा होऊ शकतो. बहुतेक वेळा त्यामागे जीएनएक्यू या जनुकातील बदल असतो, हे २०१३ मध्ये उलगडले. हा बदल गर्भावस्थेत काही पेशींपुरताच घडतो, त्यामुळे आईच्या खाण्यापिण्याला किंवा ग्रहणाला दोष देण्याचे काहीच कारण नाही. डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असल्यास डोळ्यातील दाब आणि मेंदू यांची तपासणी आधी करावी लागते.

या डागासाठी पल्स्ड डाय लेझर वापरतात. त्यामागचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले: ज्या तरंगलांबीचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन चांगला शोषते तोच वापरायचा आणि झोत इतका क्षणिक ठेवायचा, की रक्तवाहिनी तापून बंद पडेल, पण उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच तो संपलेला असेल. प्रत्यक्षात ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा झोत मिलिसेकंदाच्या आसपास टिकतो. डोळ्यांवर संरक्षक झाकणे लावतात, प्रत्येक झोताआधी त्वचेवर गार फवारा मारतात आणि काही मिनिटांतच तिथे करडी-जांभळी वर्तुळे शेजारी शेजारी उमटतात. ती साधारण आठवडा-दोन आठवडे राहतात. तेवढा काळ घाबरून जाऊ नये. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घेतल्यावर डाग बहुधा फिका होतो, पूर्ण नाहीसा मात्र मोजक्यांचाच होतो, आणि काही वर्षांनी तो पुन्हा गडदही होऊ शकतो. हे पहिल्या बैठकीआधीच रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

सावळ्या त्वचेत आणखी एक अडचण आहे. वरच्या थरातील मेलॅनिनही हा प्रकाश शोषते, त्यामुळे भाजण्याचा किंवा काळे-पांढरे चट्टे पडण्याचा धोका वाढतो. म्हणून थंडावा, बेताची ऊर्जा आणि छोट्या भागावर चाचणी यांना महत्त्व येते.

रंगद्रव्याच्या खुणांपैकी चेहऱ्यावरचा निळसर-करडा डाग, ज्याला ओटा नीव्हस म्हणतात, लेझरला उत्तम प्रतिसाद देतो. त्यासाठी नॅनोसेकंदाचे किंवा त्याहून क्षणिक झोत लागतात, कारण रंगद्रव्याचे कण फार सूक्ष्म असतात. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट डाग मात्र लेझरनंतरही वारंवार परततात. असे सहा किंवा अधिक डाग असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी. पाठीवरचे, कमरेखालचे निळसर डाग बहुधा बालपणीच मावळतात.

जन्मजात काळ्या, केसाळ तिळांना शस्त्रक्रियेचाच पर्याय प्रामुख्याने असतो. मोठा तीळ टप्प्याटप्प्याने कापतात किंवा शेजारच्या त्वचेखाली फुगा बसवून, ती हळूहळू ताणून, काढलेल्या जागी ओढून घेतात. व्रण मागे राहतोच. फार मोठ्या तिळांमध्ये मेलॅनोमा या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. लेझरने अशा तिळाचा वरचा रंग उतरला, तरी खोलवरच्या पेशी शिल्लक राहतात. त्यामुळे त्यानंतरही ती जागा नियमित तपासून घ्यावी लागते आणि तिथे नवी गाठ, न भरणारी जखम किंवा रंगातील बदल दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते.