जीआर 20, कॉर्सिका: नाव नोंदवण्याआधी हे वाचा

कॉर्सिकाची चौकशी करायला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा उंची विचारतात. तिथल्या जीआर 20 या पायी वाटेवरची सर्वांत उंच जागा 2607 मीटर आहे. हे ऐकलं की हिमालयात चार-साडेचार हजारांवर जाऊन आलेली मंडळी निर्धास्त होतात, आणि आमची काळजी तिथून सुरू होते. म्हणून हे पत्रक. पैसे भरण्याआधी घरी बसून सावकाश वाचा, बरोबर येणाऱ्यांनाही वाचायला द्या.

कॉर्सिका हे भूमध्य समुद्रातलं फ्रान्सचं बेट, क्षेत्रफळाने गोव्याच्या दुपटीहून मोठं. 1768 साली ते जिनोआकडून फ्रान्सकडे आलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या आजाक्सिओ गावात नेपोलियन जन्मला. बेटाच्या मधून डोंगरांची रांग तिरकी जाते आणि त्या रांगेवरून जीआर 20 ही वाट. वायव्येला कालेन्झाना, आग्नेयेला कोंका, मध्ये सुमारे 180 किलोमीटर. रूढ हिशेबाने तिचे 16 टप्पे आहेत. सगळा चढ मिळून बारा हजार मीटरच्या आसपास जातो आणि उतारही जवळजवळ तेवढाच.

म्हणजे रोज सरासरी साडेसातशे मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं, तेही पाठीवर दहा किलोंची सॅक घेऊन. इथे खेचरं नाहीत, पोर्टर नाहीत. उत्तरेकडच्या काही टप्प्यांना नऊ-दहा किलोमीटरसाठी आठ तास लागतात, कारण चालायला पायवाट अशी उरतच नाही. मोठमोठे धोंडे, घसारा, तिरपे कातळ, मध्येच हात लावून चढायचा टप्पा. कठीण ठिकाणी साखळ्या आणि तारा ठोकलेल्या आहेत. दोर लागत नाही, पण दृष्टीभय आहे, म्हणजे खाली पाहिलं की भीती वाटते. ज्यांना रतनगडाच्या शिडीवर पाय थरथरतात त्यांनी आम्हाला तसं मोकळेपणाने सांगावं. त्यांच्यासाठी दक्षिणेचा अर्धा भाग आहे आणि तो कमी देखणा अजिबात नाही.

आम्ही दक्षिणेकडून का जातो

बहुतेक लोक उत्तरेकडून सुरुवात करतात. आम्ही उलटे, कोंकाहून निघतो. उत्तरेचा अर्धा भाग अवघड आहे आणि कालेन्झानाहून निघालात तर पहिल्याच दिवशी 275 मीटरवरून थेट दीड हजारांवर चढायचं, सॅक अन्नाने भरलेली आणि अंगातला विमानप्रवासाचा शीण अजून गेलेला नाही. दक्षिणेकडून आलं की कठीण दिवस येईपर्यंत पाय तयार होतात. ऊनही बराच वेळ पाठीवर राहतं.

दुसरं कारण विझावोना. बरोबर मध्यावर, 920 मीटरवर, जंगलातलं छोटं गाव. तिथे रेल्वे स्टेशन आहे. आजाक्सिओ ते बास्तिया या मीटरगेज मार्गावरची गाडी तिथे थांबते. ज्याला पुरे झालं तो तिथून सन्मानाने गाडीत बसू शकतो. फक्त दक्षिण भाग करणाऱ्यांचा प्रवासही तिथेच संपतो. बास्तियाच्या दिशेने जाणार असाल तर विवारिओजवळ खिडकीपाशी बसा: वेक्यो नदीवरचा उंच रेल्वेपूल आयफेलच्या कंपनीने बांधला आहे.

कोंका ते पालिरी हा पहिला दिवस लांबीने मोठा नाही, पण गाव समुद्राजवळ, उंची कमी, सावली तुटक आणि पाणी थोडं. तीन लीटर घेतल्याशिवाय कोणी निघायचं नाही. दुसऱ्या दिवशी बावेल्लाची खिंड लागते. तिथले लालसर सुळके पाहून सगळेच थांबतात, थांबाच. तिथून पिवळ्या खुणांची एक अवघड वाट सुळक्यांच्या पोटातून जाते आणि लाल-पांढऱ्या खुणांची मुख्य वाट खालून वळसा घेते. हवा चांगली असेल तरच आम्ही पिवळी घेतो. पुढे मोन्ते इंकुदिने हा 2134 मीटरचा माथा ओलांडला की कुशोनू पठार येतं. झरे, हिरवळ, मोकळी हिंडणारी गुरं आणि डुकरं. उशोलू ते प्राती या धारेवर वारा जोरात असतो आणि दोन्ही बाजूंना दूरवर समुद्र दिसतो.

विझावोनानंतर डोंगराचा स्वभाव बदलतो. लोंदा आणि पेत्रा पियाना हे मुक्काम मागे टाकून मांगानूकडे जाताना कापितेल्लोची खिंड 2225 मीटरवर आहे, खाली काळसर निळी सरोवरं. जूनमध्येही तिथे कधीकधी घट्ट बर्फ असतं. मांगानूनंतर नीनू सरोवर. सरोवराभोवती ओलसर हिरवळ आहे, तिच्यात पाण्याने भरलेले खड्डे आणि त्यांना जोडणारे लहान ओहोळ. ही हिरवळ फार नाजूक आहे. आखलेल्या वाटेवरूनच चाला, फोटोसाठी आत शिरू नका. पुढे चोत्तुलु दी इ मोरी हे वाटेवरचं सर्वांत उंच रेफ्यूज (डोंगरातला मुक्कामाचा निवारा), 1991 मीटरवर. समोर पाल्या ओर्बा आणि शेजारी कापू ताफोनातू, ज्याच्या कड्याला आरपार भोक आहे. आपल्याकडच्या नेढ्यांची सवय असलेल्यांना ओळखीचं वाटेल, फक्त हे फारच मोठं.

तिथून पुढचा तिघ्येत्तू ते आस्को हा दिवस सर्वांत कठीण. इथेच ती 2607 मीटरची जागा. मोन्ते चिंतो, बेटाचं 2706 मीटरचं सर्वोच्च शिखर, वाटेपासून थोडं बाजूला राहतं. आम्ही ते कार्यक्रमात धरत नाही. वेळ आणि हवा जमली तर गटप्रमुख तिथल्या तिथे ठरवतील.

सिर्क द ला सोलित्यूदबद्दल

सिर्क द ला सोलित्यूदमधून जाणार का, हा प्रश्न फोनवर नेहमी येतो, म्हणून इथे लिहून ठेवतो. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत जी साखळ्यांची खोल घळ दिसते ती आता वाटेत नाही. 10 जून 2015 रोजी वादळी पावसात तिथे दरड कोसळून 7 जणांचा जीव गेला. त्यानंतर ती बंद झाली आणि मुख्य वाट चिंतोच्या अंगाने वळवली गेली. कोणी कितीही आग्रह केला तरी आम्ही त्या घळीत गट नेत नाही.

रेफ्यूजवर काय मिळतं, काय नाही

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरची टी-हाउसं डोळ्यांसमोर असतील तर ती बाजूला ठेवा. इथे खोली नसते. एका दालनात ओळीने बाकं, त्यांवर गाद्या, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा. बहुतेक रेफ्यूज कॉर्सिकाच्या प्रादेशिक निसर्ग उद्यानाच्या ताब्यात आहेत. हे उद्यान 1972 मध्ये झालं. मोसमात प्रत्येक ठिकाणी एक राखणदार असतो, त्याला गार्दियँ म्हणतात. तो सांगेल ते ऐकायचं. हवेचा अंदाज त्याच्याकडेच मिळतो.

गाद्यांमध्ये ढेकूण निघतात. ही तक्रार या वाटेवर जुनी आहे, आणि आम्ही ती लपवणार नाही. त्यामुळे आमचे गट रेफ्यूजच्या बाहेर, तिथेच भाड्याने मिळणाऱ्या तंबूंत झोपतात. स्लीपिंग बॅग तुमची हवी, सोबत सुती लायनर. सॅक रात्री प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधून ठेवा. तंबू फक्त रेफ्यूजजवळ लावता येतो. डोंगरात मनाला येईल तिथे मुक्काम करायला उद्यानात बंदी आहे, आणि चूल किंवा शेकोटी पेटवायलाही. कॉर्सिकात उन्हाळ्यात वणवे लागतात, त्यामुळे यात सवलत मागू नये. आंघोळ बहुधा थंड पाण्याची. शौचालयात पाण्याची सोय असेलच असं धरू नका, एक रिकामी बाटली त्यासाठी वेगळी ठेवा. पैसे रोख युरोत लागतात आणि मधल्या वाटेवर एटीएम नाही.

जेवण

मांसाहारींची चैन आहे. कॉर्सिकन डुकराचे खारवलेले, वाळवलेले प्रकार, लोंझू आणि कोप्पा, सगळीकडे मिळतात. शाकाहाऱ्यांना मात्र आधीच सांगतो: सूप, पास्ता, मसूर, ऑम्लेट, चीज, पाव, पुन्हा पास्ता. आम्ही रेफ्यूजना शाकाहाराची आगाऊ सूचना देतो आणि बहुतेक ठिकाणी ती पाळली जाते. मांदेलीच्या कालवणाची किंवा वरणभाताची आठवण आठव्या दिवशी फार येते, तेवढी तयारी ठेवा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची नीट सोय आमच्याने होणार नाही, त्यामुळे ते आश्वासन देत नाही.

दोन चवी चुकवू नका. एक ब्रोच्यू, मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाच्या निवळीपासून केलेलं ताजं, मऊ चीज. मोसम सरत आला की ते ताजं मिळेलच असं नाही. दुसरी चेस्टनटच्या पिठाची पुलेंदा, म्हणजे घट्ट उकड. बेटावर धान्य पिकवायला सपाट जमीन थोडी, म्हणून डोंगरातली गावं शतकानुशतकं चेस्टनटवर जगली. त्याच पिठाची पिएत्रा नावाची बिअर 1996 पासून निघते. ती मुक्कामाला पोहोचल्यावर, वाटेत नाही.

घरून न्यायला मेतकूट, भाजणी, चिवडा, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, चटणी उत्तम. मात्र युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तूप, पेढे, मिल्क पावडर यांतलं काहीही बॅगेत नको. आजीने प्रेमाने दिलेल्या बर्फीमुळे विमानतळावर बॅग उघडून बसावं लागतं.

हवा आणि तारखा

मे अखेरपर्यंत खिंडींत बर्फ असतं, कधीकधी जूनच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, ऊन आणि दुपारची वादळं. आमचा एक गट जूनच्या शेवटी निघतो, एक सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरची तारीख ठरवताना आम्ही गणपती पाहतो खरं, पण उत्सव उशिरा आला तर त्याच्यासाठी थांबता येत नाही. महिन्याअखेरीपासून राखणदार खाली उतरू लागतात आणि मग जेवण मिळत नाही.

समुद्र जवळ असल्याने हवा झटक्यात फिरते. 18 ऑगस्ट 2022 च्या सकाळी बेटावर ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा सुटला आणि माणसं दगावली. अशी वादळं रोज येत नाहीत, पण दुपारची वीज ही नेहमीची गोष्ट. म्हणून पहाटे साडेपाचला निघायचं आणि दुपारी दोनपर्यंत मुक्कामाला पोहोचायचं. कोरड्या ग्रॅनाइटवर बूट छान धरतात. तोच कातळ ओला झाला की भरवसा नाही. कारोत्सू रेफ्यूजजवळच्या स्पासिमाता घळीतले तिरपे कातळ पावसात आम्ही उतरत नाही, दिवस वाया गेला तरी चालेल. थांबायचं की निघायचं हे गटप्रमुख ठरवतात. त्यावर मतदान होत नाही.

विषारी सापांची चौकशी कोकणातले ग्राहक हमखास करतात. कॉर्सिकात विषारी साप नाहीत. रानमेंढ्या, म्हणजे मूफ्लों, दिसल्या तर नशीब. पक्षी पाहणाऱ्यांनी लारिसिओ पाइनच्या जंगलात कान उघडे ठेवावेत: कॉर्सिकन नटहॅच जगात फक्त या बेटावर आहे.

तयारी

कळसूबाई एकदा करून आलो, हा सराव धरला जाणार नाही. निघण्याच्या आधीच्या चार महिन्यांत सलग दोन दिवस, रोज आठ तास, दहा किलोंसह चालणं निदान तीनदा व्हायला हवं. कात्रज ते सिंहगड चांगला, कारण त्यात उतार पुष्कळ. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड आणखी चांगला, कारण धोंड्यांतून तोल सांभाळत चढायची सवय होते. जून गटातल्यांनी ही तयारी उन्हाळ्यात पहाटे करावी; सप्टेंबर गटातल्यांना पावसाळ्यात निसरड्या वाटांवर मुद्दाम धाडस करायची गरज नाही, जिने आणि सिंहगडाची नेहमीची पायवाट पुरे. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. चालायच्या काठ्या जोडीने आणा, पण कातळटप्प्यावर त्या सॅकला बांधायच्या.

कागदपत्रं

फ्रान्सचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि आमचा आग्रह आहे की तीन महिने आधी करावा. रेफ्यूज आणि हॉटेलच्या आरक्षणाचे कागद आम्ही देतो. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा असावा हा व्हिसाचा नियम. पण विम्याच्या पत्रकात डोंगरातली पदयात्रा वगळलेली नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून घ्या. ते कोणी वाचत नाही, म्हणून आम्ही प्रत आमच्याकडे मागवतो. संकटात 112 हा नंबर. खोल दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा गट सोडून पुढे जाऊ नये.

भारतातून थेट विमान नाही. पॅरिस, नीस किंवा मार्सेहून छोटं विमान किंवा रात्रीची बोट. कोंकाला जायला फिगारी विमानतळ सोयीचा, परतताना कालेन्झानाहून कालवी जवळ. डोंगरात न लागणारं सामान आम्ही कालवीच्या हॉटेलात पाठवतो, एका माणसामागे एक बॅग, सात किलोंपर्यंत. बॅगेवर नाव देवनागरीत लिहिलंत तरी रोमन लिपीतही लिहा.

नाव नोंदवल्यावर भरायचा आरोग्याचा फॉर्म, सामानाची यादी आणि दर वेगळ्या कागदावर आहेत. ट्रेकच्या आधीची बैठक निघण्याच्या सहा आठवडे आधी होते. त्या दिवशी भरलेली सॅक आणि डोंगरात घालणार तेच बूट घेऊन या. सॅकचं वजन तिथे काट्यावर करतो.